इंग्रजीतले बरोबर आणि चूक: एका वादाची पार्श्वभूमी

इंग्रजीतला अमुक प्रयोग शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न वाटतो तितका जुना नाही. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला, तेव्हा त्याच्यापुढचा पेच शुद्धतेचा नव्हता. कोणता शब्द छापला म्हणजे सगळ्यांना कळेल, एवढाच होता. १४९० मध्ये छापलेल्या एका भाषांतराच्या प्रस्तावनेत त्याने एक हकिकत दिली आहे. टेम्स नदीतून समुद्रापार निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे वाटेत अडकले आणि किनाऱ्यावर उतरले. त्यांच्यापैकी एकाने एका घरी जाऊन खायला काही, विशेषतः ‘एग्ज’, म्हणजे अंडी, मागितली. आपल्याला फ्रेंच येत नाही, असे घरच्या बाईने त्याला सांगितले. व्यापारी संतापला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते आणि अंडी तर हवी होती. शेवटी दुसऱ्या कोणी ‘आयरेन’ हा शब्द उच्चारला, तेव्हा कुठे बाईला उलगडा झाला. ‘आयरेन’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, तर ‘एग्ज’ हा इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आलेला. आता माणसाने लिहावे तरी काय, एग्ज की आयरेन, असा कॅक्स्टनचा सवाल आहे. त्यात कोणाला चूक ठरवण्याचा सूर नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावत गेले, पण नेमक्या त्याच काळात उच्चार वेगाने बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपल्या जागा सोडून सरकले आणि काही व्यंजने उच्चारातून गळाली. ‘नाइट’, म्हणजे सरदार, या शब्दातला आरंभीचा ‘के’ आणि मधला ‘जीएच’ एके काळी खरोखर उच्चारले जात. आज ते केवळ कागदावर उरले आहेत. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यातल्या मुक्या ‘बी’ची गोष्ट याच्या उलट आहे: तो इंग्रजीत कधी उच्चारलाच गेला नव्हता, मूळ लॅटिन शब्दाची आठवण म्हणून विद्वानांनी तो मागाहून घुसवला. स्पेलिंग पाठ करताना मेटाकुटीला येणाऱ्या विद्यार्थ्याला निदान एवढे कळायला हवे की दोष त्याच्या बुद्धीचा नाही.

व्याकरणाचे प्रकरण यापेक्षा गुंतागुंतीचे आहे. फ्रान्समध्ये १६३५ मध्ये भाषेवर देखरेख करणारी फ्रेंच अकादमी स्थापन झाली; इंग्रजीला तशी संस्था कधीच मिळाली नाही. लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ मध्ये अर्ल ऑफ ऑक्सफर्ड रॉबर्ट हार्ली यांना उद्देशून, भाषा सुधारून कायमची निश्चित करावी, असा प्रस्ताव मांडला, पण तो तडीस गेला नाही. जमाव या अर्थाचा ‘मॉब’ हा शब्द रोखण्यासाठी आपण शर्थ केली, असेही त्याने १७१० मध्ये लिहिले होते. तो शब्द आज कोणालाही खटकत नाही. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत मान्यच केले की भाषेला बदलापासून जपून ठेवण्याची आशा कोशकाराने धरू नये.

अधिकृत पीठ नसल्यामुळे रिकामी राहिलेली ती जागा अठराव्या शतकात व्याकरणकारांनी भरली. वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन, म्हणजे शब्दयोगी अव्यय, येऊ नये, हा आक्षेप कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्येच नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला होता. लॅटिनमध्ये तशी रचना चालत नाही, हे त्या काळच्या सुशिक्षितांच्या मनात पक्के होते. पुढे रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने १७६२ मध्ये छोटेखानी व्याकरण लिहिले. या बंदीचे खापर अनेकदा त्याच्यावर फोडले जाते, आणि हा त्याच्यावर अन्याय आहे. गंभीर लेखनात अव्यय आधी आलेले अधिक शोभते, पण त्याला शेवटी ठेवण्याकडे आपल्या भाषेचा स्वाभाविक ओढा आहे, एवढेच त्याने म्हटले; आणि हे सांगणारे त्याचे मूळ इंग्रजी वाक्यच ‘टू’ या अव्ययावर संपते.

दुहेरी नकाराचीही अशीच कथा आहे. चौदाव्या शतकात कवी चॉसरने आपल्या काव्यातल्या सरदाराविषयी लिहिले की त्याने उभ्या आयुष्यात कोणालाही अपशब्द वापरला नाही, आणि तेवढ्यासाठी दोन ओळींत चार नकार खर्च केले. नकारावर नकार म्हणजे नकाराला जोर, ही समजूत तेव्हा सार्वत्रिक होती. दोन नकार एकमेकांना खोडून होकार होतो, हा नियम अठराव्या शतकातल्या व्याकरणांतून रुजला. मला तो गणिताला शोभणारा वाटतो, बोलीला नव्हे. त्या काळी ‘यू वॉज’ हा एकवचनी प्रयोगही सर्रास होता. लाउथने तो त्याज्य ठरवला. लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाने असे नियम घरोघरी आणि शाळाशाळांत पोहोचवले, आणि तेव्हापासून भाषेची चूक हा लाज वाटण्याचा विषय झाला. एका व्यक्तीसाठी ‘दे’, म्हणजे ते, हे अनेकवचन वापरण्याची रीत चौदाव्या शतकापासून सापडते. तरीही १८५० च्या ब्रिटिश कायद्याने ‘ही’, म्हणजे तो, यासारख्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश धरला जाईल, अशी तरतूद केली. वास्तविक ‘यू’ हेसुद्धा मुळात अनेकवचनच. त्याने ‘दाउ’ला, म्हणजे एकवचनी ‘तू’ला, हुसकावून लावले, हे बहुतेकांच्या गावीही नाही.

स्लँगची, म्हणजे रस्त्यावरच्या अनौपचारिक बोलीची, नोंद मात्र निराळ्या वाटेने झाली. थॉमस हार्मनने १५६७ मध्ये भटक्या भुरट्यांची सांकेतिक बोली टिपली ती लोकांनी सावध राहावे म्हणून. फ्रान्सिस ग्रोसने १७८५ मध्ये रस्त्यावरच्या शब्दांचा कोश केला.

वाक्प्रचारांच्या बाबतीत गफलत उलट दिशेने होते: लोक नियम नव्हे, तर उगमकथा रचतात. धो धो पावसाला ‘कॅट्स अँड डॉग्ज’ का म्हणतात, याचे उत्तर म्हणून गवताच्या छपरावरून घसरणाऱ्या कुत्र्यामांजरांची कथा सांगितली जाते, परंतु तिला आधार नाही. मिळते ते एवढेच की सतराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड ब्रोमच्या नाटकात कुत्री आणि पोलकॅट (मुंगसासारखा दिसणारा एक प्राणी) बरसतात, आणि १७३८ मध्ये स्विफ्टच्या संवादांत आजचे रूप दिसते.

अशा शंकांचा निवाडा करण्याची खरी रीत एकोणिसाव्या शतकात घडली. १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाअभ्यासकांच्या संस्थेत नव्या कोशाची कल्पना निघाली, सामान्य वाचकांनी पुस्तकांतली उदाहरणे चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवली, आणि १८८४ ते १९२८ या काळात तो ऑक्सफर्ड कोश भागाभागाने प्रसिद्ध झाला. प्रत्येक अर्थापुढे तारीखवार दाखला, ही त्याची शिस्त. ‘लिटरली’, म्हणजे अक्षरशः, हा शब्द गोष्ट खरोखर तशी नसतानाही नुसत्या जोरासाठी वापरतात, म्हणून २०१३ मध्ये बराच गहजब झाला; त्या अर्थाचा कोशातला दाखला १७६९ मधल्या कादंबरीतला आहे.