डीजे ऑपरेटरचे कान: तांबटांपासून भिंतीपर्यंत

डीजेच्या आवाजावरून आपल्याकडे पंचवीसेक वर्षं भांडण चालू आहे, कोर्टात, पोलीस स्टेशनात, दरवर्षी गणपतीआधीच्या शांतता कमिटीच्या मीटिंगमध्ये. या सगळ्या भांडणात आवाज मोजतात तो रस्त्यावर किंवा घराच्या, हॉस्पिटलच्या बाजूने उभं राहून. जो ऑपरेटर पोरगा सुपारीवर (ठरलेल्या बुकिंगवर) आलाय, जो सकाळपासून रात्रीपर्यंत टॉप आणि बेस स्पीकरच्या त्या भिंतीपासून चारपाच फुटांवर मिक्सर धरून उभा आहे, त्याच्या कानापाशी मीटर कुणी धरत नाही. पोलीस धरत नाहीत, मंडळवाले धरत नाहीत आणि मालकसुद्धा धरत नाही. हे असं कसं झालं ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं, कारण कामाच्या आवाजाने माणूस बहिरा होतो ही गोष्ट जगाला तीनशे वर्षांपासून माहीत आहे.

इटलीतला बर्नार्डिनो रामाझ्झिनी हा डॉक्टर कामगारांच्या आजारांवर लिहायचा. त्याच्या पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती १७१३ साली आली, त्यात व्हेनिसच्या तांबटांबद्दल आहे, दिवसभर तांब्यावर हातोडा मारून हे लोक आधी कमी ऐकू लागतात आणि म्हातारपणी पार बहिरे होतात. पुण्यातल्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्याने बघितलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पुढे वाफेची इंजिनं आली, बॉयलर आले, आणि बॉयलरच्या आत बसून रिव्हेट ठोकणारे कामगार इतके बहिरे व्हायला लागले की त्या आजाराला त्यांच्याच कामाचं नाव पडलं. १८८६ मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या कानाच्या डॉक्टरने शंभर बॉयलरवाले, शंभर लोखंड ओतणारे आणि शंभर पोस्टमन घेतले, घड्याळ कानापासून लांब नेत टिकटिक कुठपर्यंत ऐकू येते ते मोजलं. पोस्टमन बहुतेक ठीक निघाले, बॉयलरवाल्यांत धड ऐकू येणारे अगदीच थोडे. म्हणजे मशीन नाही, वीज नाही, नुसतं घड्याळ घेऊन त्याने हे सिद्ध केलं होतं.

आतमध्ये काय होतं ते थोडक्यात सांगतो. अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो, त्यात एका कानाला साधारण पंधरा हजार केशपेशी असतात, त्या आवाजाचं रूपांतर नसेच्या सिग्नलमध्ये करतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने पहिला मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास, कारण कानाची नळी स्वतःच ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज वाढवून आत पाठवते. आणि आपल्या सिस्टीममध्ये मिड आणि हॉर्न, म्हणजे मधल्या आणि वरच्या पट्टीचे स्पीकर, सगळ्यात जास्त टोचतात ते याच पट्ट्यात. बेस छातीत बसतो म्हणून लोक बेसला शिव्या घालतात, पण ऑपरेटरच्या कानाचं जास्त नुकसान हॉर्न करतात. नुकसान झालं तरी सुरुवातीला कळत नाही, गाणं छान ऐकू येत असतं, फक्त गर्दीत समोरचा सात म्हणाला का साठ ते समजत नाही, लहान पोरांचं बोलणं नीट लागत नाही, आणि रात्री अंथरुणावर पडलं की कानात शिट्टी वाजत राहते.

विसर्जनानंतर कानाला दडे बसतात आणि दोन दिवसांत जातात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की कान परत पहिल्यासारखे झाले. २००९ मध्ये शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की ऐकणं पूर्ण परत आल्यासारखं दिसलं तरी केशपेशी आणि नसेमधले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे नेमकं किती होतं यावर अजून काम चालू आहे, पण दडे गेले म्हणजे काही झालंच नाही हे म्हणणं तेव्हापासून अवघड झालंय.

कानात घालायच्या बोळ्यांचा इतिहास वेगळाच चालला. १९०७ मध्ये बर्लिनला मॅक्स नेगवर या औषधवाल्याने मेण आणि कापूस मिसळून ओहरोपॅक्स काढलं, ते शांत झोपेसाठी घेणारे लोक होतेच, पण पहिल्या महायुद्धात तोफांमुळे त्याचा खप खूप वाढला. दुसऱ्या महायुद्धानंतर बहिरे होऊन परतलेल्या सैनिकांमुळे ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकण्याचं शास्त्र, हा वेगळा विषय उभा राहिला. दाबून घातला की आत फुलणारा पिवळा फोमचा बोळा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बाजारात आला. तो कारखान्यासाठी बनला होता आणि तिथे तो उत्तम चालतो, पण तो वरच्या पट्टीतला आवाज जास्त कापतो, त्यामुळे गाणं उशीखालून आल्यासारखं लागतं. ऑपरेटरला व्होकल आणि ट्रेबल नीट ऐकल्याशिवाय मिक्स करता येत नाही, म्हणून तो ते काढून फेकतो, आणि मला यात त्याची चूक वाटत नाही, त्या बोळ्याचं कामच वेगळं आहे.

कायदाही कारखान्यातूनच आला. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा लागू आहे, आणि १९७२ मध्ये तिथल्याच निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने ८५ ची शिफारस केली. १९९८ मध्ये त्यांनी हिशोब आणखी कडक केला, दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या फॅक्टरी अ‍ॅक्टखालच्या नियमांत आठ तासांना ९० होते आणि हिशोब दर ५ डेसिबलचा, त्यामुळे १०० ला दोन तास चालायचे, ११० ला अर्धा तास. आवाजाने आलेला बहिरेपणा या कायद्याच्या आजारांच्या यादीतही होता. पण डीजेचा टेम्पो म्हणजे काही फॅक्टरी नाही. ऑपरेटर, अ‍ॅम्प्लिफायरच्या रॅकवर बसलेली वायरिंगची पोरं, जनरेटरवाला, केबिनमधला ड्रायव्हर हे सगळे हजेरीवर किंवा सुपारीमागे पैसे घेऊन येतात, कुणाचं नाव कुठल्या रजिस्टरला नसतं, त्यामुळे हा ढिला आकडासुद्धा त्यांना कधी लागू झाला नाही.

आता गाण्याकडे. जमैकात किंग्स्टनला १९४०च्या दशकाच्या शेवटाला मोठे स्पीकर रस्त्यावर आणून रेकॉर्ड वाजवायची साऊंड सिस्टीम सुरू झाली, एकमेकांसमोर सिस्टीम लावून कोण वरचढ ते ठरवायचं. आपल्याकडची कॉम्पिटिशन बघितली की हे तंतोतंत ओळखीचं वाटतं, फरक एवढाच की तिथे गाण्याच्या निवडीलाही मोठा मान होता. १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टन मैदानावर द हू या बँडचा आवाज स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला, त्याची गिनीज रेकॉर्ड म्हणून नोंद झाली, आणि नंतर गिनीजने सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बँडचा विक्रम नोंदवणंच बंद केलं, कानांचं नुकसान होतं म्हणून.

महाराष्ट्रात सार्वजनिक गणेशोत्सव १८९० च्या दशकात वाढला तेव्हा मिरवणुकीत ढोलताशा, लेझीम, मेळे, सनई-चौघडा होते, मग ब्रास बँड आले. लाऊडस्पीकर आल्यावर मांडवात कर्णे लागले. मुंबई-कोकणात बेंजो पार्टी, लग्नाला ऑर्केस्ट्रा, मग कॅसेट आणि डेक, आणि सीडी स्वस्त झाल्यावर एक माणूस, एक मिक्सर आणि भाड्याचा टेम्पो एवढ्यावर धंदा उभा राहायला लागला. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे याला डॉल्बी म्हणतात, बाकीकडे डीजे. आधी दोन टॉप दोन बेस, मग चार-चार, मग शेजारच्या गावाच्या मंडळाने आठ लावले म्हणून आपले बारा, आणि बघता बघता अठरा इंची बेसच्या अख्ख्या भिंती. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, ढोलपथकातल्या पोरापोरींचे कानही याच धोक्यात आहेत, ताशाचा कडकडाट कानापासून दोन फुटांवर असतो आणि महिना दीड महिना रोजची प्रॅक्टिस असते, त्यामुळे डीजे बंद करून ढोल आणला की कानांचा प्रश्न सुटला असं म्हणता येत नाही.

वादकांसाठी वेगळा बोळा लागतो हे तिकडे १९८०च्या दशकात पटलं. अमेरिकेत मीड किलियन यांच्या एटिमॉटिक रिसर्च कंपनीने १९८८ मध्ये ईआर-१५ आणला. कानाचा साचा घेऊन बनवायचा, आत छोटा फिल्टर, आणि तो सगळ्या पट्ट्या जवळजवळ सारख्याच १५ डेसिबलने खाली आणतो, म्हणजे गाणं तेच राहतं, फक्त कुणीतरी व्हॉल्यूम कमी केल्यासारखं. १०० चे ८५ झाले की निऑशच्या हिशोबात पंधरा मिनिटांचे आठ तास होतात! त्याच सुमाराला द हू चा गिटारवादक पीट टाउनशेंड आपले कान गेल्याचं उघडपणे बोलायला लागला, जास्त दोष त्याने स्टुडिओतल्या हेडफोनला दिला, आणि सॅन फ्रान्सिस्कोत कॅथी पेक या बेसवादक बाईने हिअर नावाची संस्था काढली तिला त्याने सुरुवातीचे पैसे दिले.

हेडफोनचा मुद्दा डीजेला थेट लागतो. पुढचं गाणं एका कानाला लावून ऐकायचं असतं आणि दुसऱ्या कानात भिंत वाजत असते, त्यामुळे हेडफोन भिंतीच्या वर न्यावाच लागतो. घट्ट बसणारा, बाहेरचा आवाज अडवणारा हेडफोन असला तर कमी आवाजात भागतं. स्वस्तातला उघडा हेडफोन घेतला की उलटं होतं.

ब्रिटनने २००५ मध्ये कामाच्या जागी आवाजाचे नवे नियम केले, ८० ला पहिली पायरी, ८५ ला दुसरी, संगीत आणि करमणुकीच्या धंद्याला एप्रिल २००८ पर्यंत सवलत होती आणि त्यानंतर तिथेही लागू. महत्त्वाचं म्हणजे स्वतःचा धंदा करणारा मोबाईल डीजेसुद्धा त्यात येतो. पुढे रॉयल ऑपेरा हाऊसच्या एका व्हायोलावादकाने २०१२ च्या रिहर्सलमध्ये कान गेले म्हणून केस केली आणि २०१८ मध्ये जिंकला, अपीलातही निकाल फिरला नाही. संगीत हेच आमचं काम आहे, त्याला गोंगाट कसं म्हणता, हा बचाव तिथे चालला नाही.

आपल्याकडचे कायदे मात्र शेजाऱ्यासाठी झाले. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे, त्यात रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५. जुलै २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल आला, रात्री दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद; वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट द्यायची सोय नियमांतच आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टाने ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर पोलिसांकडे ध्वनिमापक यंत्रं असली पाहिजेत असं सांगितलं. २०१८ च्या गणपतीत साऊंड-लाईटवाल्यांची संघटना डीजेवरच्या बंदीविरुद्ध कोर्टात गेली, दिलासा मिळाला नाही. हे निकाल गरजेचे होते, मी त्यांच्या बाजूचाच आहे, आजारी माणसाच्या खिडकीखाली भिंत वाजवायचा हक्क कुणालाच नाही. पण दोन्ही बाजूंनी भांडण झालं ते झोप आणि धंदा यावर, ऑपरेटरच्या कानाचा मुद्दा कुणीच पुढे रेटला नाही, त्याच्याच धंद्याच्या लोकांनीही नाही. गोव्यात काणकोणला पाळोळ्याच्या (पालोलेमच्या) किनाऱ्याच्या बाजूला रात्री दहाच्या नियमामुळे हेडफोन पार्ट्या सुरू झाल्या, प्रत्येकाच्या कानात हेडफोन आणि बाहेर शांतता. नियम तंतोतंत पाळला गेला, आणि कानात किती वाजतंय हे मोजायचं कामच उरलं नाही.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढलं, पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आवाज सतत मोजत राहा, बोळे उपलब्ध ठेवा, शांत कोपरा ठेवा. आपल्या विसर्जनात पुण्याच्या लक्ष्मी रोडवर सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं दरवर्षी मोजतात, तिथे शंभरीच्या आसपासचे आकडे नवीन नाहीत, आणि मुंबईत आवाज फाउंडेशन या संस्थेने १२० च्या आसपासचे आकडेही नोंदवलेत. हे सगळे रस्त्यावरचे आकडे.

आज बहुतेक टेम्पोंवर काय वापरतात? कापूस. कापसाने पाचसात डेसिबल कमी झाले तरी खूप, आणि घातला म्हणून माणूस निर्धास्त होतो ते जास्त वाईट. वायरिंगच्या पोरांना, ड्रायव्हरला, जनरेटरवाल्याला मिक्स करायचं नसतं, त्यांना साधा फोमचा बोळा पुरतो, काही रुपयांत मिळतो, फक्त नीट पिळून, दुसऱ्या हाताने कान वर ओढून आत घालावा लागतो, अर्धवट घातला तर पाकिटावरच्या आकड्याच्या निम्मंही काम होत नाही. ऑपरेटरने मात्र फिल्टरवालाच घ्यावा, तयार मिळणारे साच्यापेक्षा बरेच स्वस्त पडतात. सुपारीच्या दरात तो मालकाने धरला पाहिजे, जसा डिझेल धरतो. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी एकदा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात किंवा मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या अली यावर जंग संस्थेत. दिव्यांग कायद्यात ऐकायला कमी म्हणून नोंद व्हायला दोन्ही कानांत ६० डेसिबलचा तोटा लागतो, ४००० हर्ट्झवर खड्डा पडलेला पंचविशीतला ऑपरेटर तिथपर्यंत सहसा पोचत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान कुठल्याच सरकारी कागदावर येत नाही, फक्त त्या ऑडिओग्रामच्या आलेखात ते दिसतं.