अशोक कुमार ऑर्डर

ज्याचं नाव-गाव-पत्ता काहीच माहीत नाही अशा माणसाविरुद्ध कोर्ट जो मनाई हुकूम काढतं त्याला आपल्याकडे अशोक कुमार ऑर्डर म्हणतात. मूळ नाव जॉन डो ऑर्डर. इंग्लंड-अमेरिकेत निनावी पार्टीला जॉन डो म्हणायची जुनी पद्धत, आपल्या दाव्यांच्या कागदावर तो अशोक कुमार झाला (खऱ्या अशोक कुमारांना कुणी विचारलं नसणार).

भारतात हे सुरू झालं २००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला. मॅचेसचे हक्क टेन स्पोर्ट्सकडे, आणि केबलवाले लायसन न घेताच चॅनल दाखवायचे. आता एकेका केबलवाल्याचं नाव शोधून केस टाकत बसलं तर तोवर फायनलही होऊन जाणार, आणि ज्याला कुणकुण लागली तो वायर काढून मोकळा. म्हणून दिल्ली हायकोर्टाने कमिशनर नेमून, ज्यांची नावं दाव्यात नाहीत अशा केबलवाल्यांकडेही जाऊन पुरावा गोळा करायची मुभा दिली.

मग हे हत्यार पिक्चरवाल्यांच्या हाती लागलं. २०११ मध्ये 'सिंघम'साठी अशी ऑर्डर निघाली. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, कमाई पहिल्या आठवड्यात होते, सोमवारी चोरीच्या कॉपीची लिंक बंद होऊन काय उपयोग, म्हणून रिलीजच्या आधीच कोर्टात जायचं. पण ऑर्डर हातात पडली की इंटरनेट कंपन्या लिंका शोधत बसायच्या नाहीत, सरळ अख्खी साईट बंद. २०१२ मध्ये मद्रास हायकोर्टाच्या ऑर्डरनंतर व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन असल्या साईट्स गायब झाल्या, जिथे लोक स्वतःचेच व्हिडिओ आणि कोड टाकत होते. शेवटी जूनमध्ये कोर्टाला सांगावं लागलं की बाबांनो, फक्त ठरावीक लिंका बंद करायच्या होत्या.

मुंबई हायकोर्टात २०१६ ला 'ढिशुम'च्या वेळी न्या. गौतम पटेल यांनी हे बरंच आवरलं. निर्मात्याने आधी प्रत्येक लिंक तपासून द्यायची, साईटवर सगळाच माल चोरीचा आहे हे दाखवल्याशिवाय पूर्ण साईट बंद नाही, आणि बंद पानावर कशामुळे बंद आणि तक्रार कुठे करायची ते लिहायचं. माझ्या मते या विषयावरची सगळ्यात शहाणी ऑर्डर हीच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लॉक केलेल्या पानांवर 'नुसतं पाहिलं तरी ३ वर्षं कैद आणि ३ लाख दंड' अशा अर्थाची पाटी झळकली आणि लोकांची जाम तंतरली, पण नुसतं पाहणं हा गुन्हा नाही हेही पटेलांनीच सांगितलं.

दिल्लीला मात्र हे पटलं नाही. एक साईट बंद केली की दुसऱ्या दिवशी नाव थोडं बदलून तीच साईट हजर, मग निर्मात्याने किती लिंका मोजायच्या? १० एप्रिल २०१९ ला दिल्ली हायकोर्टाने यूटीव्ही या पिक्चर कंपनीच्या केसमध्ये ३० साईट्स अख्ख्या बंद करायला लावल्या, वर नवीन डुप्लिकेट निघाली तर वेगळा दावा नको, जॉइंट रजिस्ट्रारकडे (कोर्टाचाच अधिकारी) अर्ज द्या नि यादीत घाला, अशी सोय करून दिली. याला डायनॅमिक ऑर्डर म्हणतात. त्या साईट्सकडून कोर्टात कुणीच उभं राहिलं नाही, त्यामुळे दुसरी बाजू ऐकायला कोर्टाला स्वतःच एक वकील नेमावा लागला.