फळीवरचा ड्रम आणि उंचीचा हिशेब

मेटाडोरमध्ये डिझेलचा भरलेला ड्रम चढवायचा असला, की गावात तो कोणी उचलत नाही. दोन फळ्या टेकवतात अन् लोळवत वर नेतात. ड्रम 200 किलोचा, डाला 1.2 मीटर उंच आणि फळी 3.6 मीटर लांब धरू. घर्षण सोडलं, तर 67 किलो उचलण्याइतका जोर पुरतो. मात्र तो तिप्पट अंतर लावावा लागतो. सरळ उचला की लोळवा, कार्य, म्हणजे जोर गुणिले अंतर, तेवढंच, सुमारे 2350 ज्यूल. नववीच्या मुलाला हे गणित सहज जमतं, पण अलेक्झांड्रियाच्या पॅपससारख्या मोठ्या गणितज्ञाचा उतरणीचा हिशेब चुकला होता.

1586 मध्ये सायमन स्टीव्हिननं एक सुरेख युक्तिवाद केला. एक बाजू दुसरीच्या दुप्पट लांब असलेला त्रिकोणी ठोकळा घ्या, त्याभोवती दोन्ही टोकं जोडलेली 14 गोळ्यांची माळ टाका. माळ आपोआप सरकू लागली तर ती कधी थांबणारच नाही, आणि तसं होत नसतं. म्हणजे लांब बाजूवरचे जास्त गोळे आखूड बाजूवरच्या कमी गोळ्यांना तोलून धरतात. फुकटात काम मिळत नाही, एवढ्याच विश्वासावर त्यानं उतरणीचा नियम काढला. मला या सगळ्या इतिहासात हाच तुकडा सर्वांत आवडतो.

गॅलिलिओनं गुळगुळीत खोबणीतून कांस्याचा गोळा सोडला आणि भांड्यातून पडलेलं पाणी तोलून वेळ मोजला. उतार कमी असो वा जास्त, उंची सारखी तर तळाचा वेगही सारखा, हे त्यानं 1638 च्या ग्रंथात गृहीत धरलं. घरंगळणाऱ्या गोळ्याची 7 पैकी 2 भाग गतिज ऊर्जा स्वतःभोवती फिरण्यात असते, हे मात्र त्याच्या काळात कोणाला ठाऊक नव्हतं.

1686 मध्ये लायबनिट्झनं हलत्या वस्तूतल्या जोराचं माप म्हणून वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार पुढे आणला. त्यातला निम्मा भाग आणि ‘कार्य’ ही संज्ञा 1829 मध्ये कोरिओलिसनं पक्की केली. तरी हिशेब जुळेना, कारण घर्षणात गेलेलं सापडत नव्हतं. ते उष्णतेत सापडतं, हे 1840 च्या दशकात ज्यूलनं पाणी घुसळून मोजून दाखवलं आणि 1847 मध्ये हेल्महोल्ट्झनं ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला.

म्हणूनच पाठ्यपुस्तकातलं ‘घर्षण नगण्य माना’ हे वाक्य मला खटकतं. दोनशे वर्षांचा खरा पेच त्यातच तर होता. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे सागवान भरलेला 10 टनांचा ट्रक सुमारे 700 मीटर उतरतो. त्याची जवळपास 7 कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा, म्हणजे 2 लिटर डिझेल जाळल्याची उष्णता, वाटेतच जिरवावी लागते. सगळी ब्रेकवर टाकली तर लायनर जळतात, म्हणून ड्रायव्हर घाटाच्या तोंडालाच खालचा गिअर टाकतो आणि बराचसा भार इंजिनावर सोपवतो.