वीज गेली की दुधाळ होणारी काच

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या नव्या ऑफिसांमधून हल्ली एक मागणी ऐकू येते. मीटिंग रूमला पडदा नको, ब्लाइंड्स नकोत, बटण दाबलं की दुधाळ होणारी काच हवी. ग्वाल्हेरच्याच लश्कर भागातले ओळखीचे एक सीए काचेवर बसवायची अशी फिल्म घ्यायच्या विचारात आहेत. त्यांनी विचारलं, "वीज दिल्यावर ती पांढरी कशी होते हो?" होतं नेमकं उलटं. वीज चालू असते तोवर ही काच पारदर्शक राहते आणि वीज बंद झाली की पांढरी होते. एवढं एक ध्यानात आलं की फिल्मचे गुण आणि मर्यादा दोन्ही उलगडतात.

आपल्याकडच्या जानेवारीतल्या धुक्याचंच उदाहरण घ्या. समोरचा रस्ता दिसत नाही, तरी उजेड असतो. धुक्यातला थेंब स्वच्छ पाण्याचाच असतो, पण पाणी आणि हवा यांचे अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) वेगळे, म्हणून प्रत्येक थेंबापाशी किरण वाट बदलतो. लाखो थेंबांतून आलेल्या प्रकाशात मग चित्र उरत नाही, नुसती पांढरी झाक उरते. फिल्ममध्येही हेच घडतं. प्लास्टिकच्या दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पॉलिमरचा थर असतो आणि त्यात साधारण एक मायक्रॉन आकाराचे द्रवस्फटिकाचे, म्हणजे द्रवासारखा वाहणारा पण रेणूंची स्फटिकासारखी रचना राखणाऱ्या पदार्थाचे, थेंब विखुरलेले असतात. पापुद्र्यांच्या आतल्या बाजूंना इंडियम-टिन ऑक्साइडचा लेप असतो, जो पारदर्शक असूनही वीज वाहतो.

द्रवस्फटिकाचे रेणू लांबट असतात आणि प्रकाश त्यांच्यावर कोणत्या बाजूने पडतो त्यानुसार त्यांचा अपवर्तनांक बदलतो. वीज नसताना प्रत्येक थेंबातले रेणू वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून प्रकाश विखुरतो. साधारण 50 ते 65 व्होल्टचा एसी, म्हणजे दिशा सतत बदलणाऱ्या विजेचा, दाब दिला की सगळे रेणू काचेला काटकोनात उभे राहतात. सरळ येणाऱ्या किरणासाठी आता थेंबाचा अपवर्तनांक आणि पॉलिमरचा अपवर्तनांक, दोन्ही 1.5च्या आसपास, जवळजवळ सारखेच होतात. थेंब असतात तिथेच, फक्त प्रकाशाला ते जाणवत नाहीत. मला या साऱ्या तंत्रज्ञानात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

द्रवस्फटिकांचा शोधही एका गढूळपणातूनच लागला. 1888मध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरॉलचं एक संयुग 145 अंशांच्या थोडं वर वितळून गढूळ झालेलं दिसलं. आणखी तापवल्यावर, 178 अंशांच्या आसपास, ते एकदम स्वच्छ झालं. असे थेंब पॉलिमरमध्ये बसवून फिल्म करण्याचं काम अमेरिकेत 1980च्या दशकात झालं. त्यात जेम्स फर्गसन आणि केंट स्टेट विद्यापीठातला विल्यम डोन यांचा गट आघाडीवर होता.

आता ऑफिसचा विचार करू. ही फिल्म प्रकाश अडवत नाही, विखुरते. त्यातला बराचसा प्रकाश पुढेच जातो, म्हणून दुधाळ असतानाही खोली उजळ राहते. पण त्याच कारणाने ऊनही आत येतं. मे महिन्यात पारा 45च्या वर जातो तेव्हा पश्चिमेच्या काचेवर ही फिल्म लावून एसीचं बिल उतरेल, अशी आशा धरू नये. द्रवस्फटिक फार तापले तर त्यांची शिस्तच मोडते आणि स्विचचा उपयोग उरत नाही. आतल्या पार्टिशनसाठीच ती खरी योग्य. आवाज ती अजिबात अडवत नाही, आणि पगाराची बोलणी करताना हे आठवायला हवं!

विजेचा खर्च किरकोळ आहे, चौरस मीटरला पाच वॉटच्या आसपास. सोबतचा ट्रान्सफॉर्मर मात्र चांगला घ्यावा. डीसी करंट, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, मिळाला तर फिल्ममधले आयन एका बाजूला साचतात आणि ती हळूहळू खराब होते. कडांना पाणी लागू देऊ नये. कडा बंद करायला सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास येणारं टाळावं, त्यातलं आम्ल कडेच्या लेपाला आणि वीज जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीला खातं. वीज गेली तर खोली आपोआप झाकली जाते, आणि माझ्या मते हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे.

विकत घेण्याआधी नमुना मागवा. काच पारदर्शक असताना बाजूने, तिरकं उभं राहून पाहा. तिरक्या किरणासाठी अपवर्तनांक पूर्ण जुळत नाहीत, म्हणून हलकी धुरकट छटा दिसेलच, प्रश्न फक्त किती दिसते हा. मग काच दुधाळ करून मागे ठळक अक्षरांचा कागद धरा, आधी हातभर लांब, मग काचेला टेकवून. टेकवल्यावर अक्षरं ओळखू येऊ लागली, तर भिंतीवरचा व्हाइटबोर्ड त्या काचेपासून दूरच ठेवा.