हाताला फसवणं सोपं नाही

ओरोस, रत्नागिरी, अलिबाग... गेल्या काही वर्षांत कोकणपट्टीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं उभी राहिली. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा सरावही आता इथेच व्हायला हवा. त्यासाठी संगणकी सिम्युलेटर बघायला गेलं की नजर आधी पडद्यावरच्या चित्रावर खिळते. कसोटी मात्र हाताची असते.

डोळ्याला सेकंदाला ३० ते ६० चित्रं पुरतात. हाताला भासणारं बल मात्र सेकंदाला सुमारे १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला नव्याने कळवावं लागतं. उत्तर उशिरा आलं तर आत दाबताना बल कमी पडतं, आणि हात मागे येताना आधीचं जास्तीचं बल त्याला ढकलत राहतं. दर फेरीत थोडी फुकटची ऊर्जा मिळते आणि मूठ थरथरू लागते. म्हणून बलाचं गणित संगणकात चित्रापासून वेगळं, समांतर (वेगळ्या धाग्यावर) चालवतात आणि हत्यार व ऊतक यांच्यामध्ये एक काल्पनिक स्प्रिंग ठेवतात.

या मिलिसेकंदात यकृतासारख्या मऊ अवयवाचं गणित बसवायचं कसं? सर्वांत स्वस्त मार्ग रापणीच्या जाळ्यासारखा: गाठी म्हणजे वस्तुमानाचे बिंदू, दोरे म्हणजे स्प्रिंगा. पण जाळं मुठीत आवळलं की आकसतं. यकृत आकसत नाही. त्यात पाणी भरपूर, म्हणून एका बाजूला दाबलं की ते दुसरीकडे फुगतं. हे नीट साधायचं तर फाइनाइट एलिमेंट पद्धत लागते. अवयवाचे छोटे चतुष्फलक, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे, पाडायचे आणि प्रत्येकात ताण किती, विकृती (आकारातला बदल) किती, ते मोजायचं. इथेही आकारमान जपण्याची अट फार कडक केली तर साधे चतुष्फलक अडून बसतात आणि मऊ यकृत लाकडासारखं लागतं.

खरी परीक्षा कापताना होते. गणित वेळेची छोटी छोटी पावलं टाकत पुढे जातं. साध्या पद्धतीत, दाबाची लहर एक चतुष्फलक ओलांडायला जितका वेळ घेते, त्याहून मोठं पाऊल टाकता येत नाही. लहरीचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला आणि चतुष्फलक ५ मिलिमीटरचा असला, तर पाऊल १ मिलिसेकंदाचं. जेमतेम जमलं! पण कात्रीने ०.१ मिलिमीटरची एक चिंधी मागे ठेवली की पाऊल ०.०२ मिलिसेकंदावर येतं, म्हणजे काम ५० पट. पाऊल तेच ठेवलं तर बिंदू उधळतात आणि पडद्यावर काटे उगवतात. पुढच्या क्षणाची स्थिती सगळ्या बिंदूंसाठी एकत्र सोडवणारी इम्प्लिसिट पद्धत मोठं पाऊल पेलते, पण दर वेळी मोठा समीकरणसंच सोडवावा लागतो आणि ऊतकाची हालचाल जरा सुस्तावते. त्यापेक्षा काप जवळच्या बिंदूवरून वळवून चिंधी होऊच न देणं आम्हाला जास्त पटतं. काप अर्धा मिलिमीटर सरकला तर शिकणाऱ्याचं नुकसान होत नाही, चुकीचं बल हातात मुरलं तर होतं.

म्हणून विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी महाविद्यालयाच्या शस्त्रक्रिया विभागाने तीन गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. हत्यार यकृतावर हलकेच टेकवून १० सेकंद स्थिर धरा. मूठ गुणगुणता कामा नये. यकृत दाबा आणि कडा फुगते का ते पाहा. मग एकाच जागी, अगदी जवळजवळ, पाच-सहा बारीक काप घ्या. विक्रेता सहसा एकच लांब, सरळ काप दाखवतो. त्यात काहीच बिघडत नाही.