पोलादी पत्र्यावरील संशोधनासाठी पेटंटचा अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

पोलादाच्या नव्या पत्र्यासाठी किंवा तो तयार करण्याच्या नव्या पद्धतीसाठी पेटंट अधिनियम, १९७० नुसार खरा व पहिला संशोधक, त्याने हक्क सोपवलेली व्यक्ती वा कंपनी, किंवा मृत संशोधकाचा कायदेशीर प्रतिनिधी यांना अर्ज करता येतो. कारखान्यातील धातुशास्त्रज्ञाचा शोध बहुधा कंपनीच्या नावे दाखल होतो. तेव्हा हक्क सोपवल्याचा पुरावा अर्जापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो.

महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे ऑनलाइन भरता येतात. नमुना १ मध्ये अर्ज, नमुना २ मध्ये विनिर्देश (शोधाचे सविस्तर लेखी वर्णन), नमुना ३ मध्ये परदेशी अर्जांचे निवेदन, नमुना ५ मध्ये संशोधकाविषयीचे घोषणापत्र आणि पेटंट एजंट नेमल्यास त्याच्या अधिकारपत्रासाठी नमुना २६ लागतो. व्यक्ती व स्टार्टअप यांना ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये, तर मोठ्या कंपन्यांना ८,००० रुपये आहे. तीस पानांपुढे किंवा दहा दाव्यांपुढे (शोधाच्या ज्या भागांवर हक्क मागितला त्या कलमांपुढे) ते वाढते.

अर्जाचा खरा कस विनिर्देशात लागतो. कार्बन, मँगनीज, सिलिकॉन यांचे वस्तुमानानुसार टक्के, उर्वरित लोह व अपरिहार्य अशुद्धी, ॲनिलिंगचे (पोलाद तापवून मऊ करण्याच्या प्रक्रियेचे) तापमान, थंड करण्याचा वेग, फेराइट व मार्टेन्साइट या पोलादातील मऊ व कठीण घटकांचे प्रमाण आणि ताणबल (ओढल्यावर तुटेपर्यंत सोसण्याची ताकद), हे सारे त्यात नेमके लिहावे लागते. यांपैकी एखाद्या आकड्याची मर्यादा मांडताना तिच्या आतले नमुने आणि तिच्या बाहेरचे तुलनात्मक नमुने एकाच तक्त्यात दिले, तर ती मर्यादा मनाला येईल तशी ठरवलेली नाही हे परीक्षकाला दिसते. हा तक्ता टाळणे मला तरी धोक्याचे वाटते. कलम ३(ड) मुळे ज्ञात पोलादाचा केवळ नवा गुणधर्म सापडला म्हणून पेटंट मिळत नाही. शोधनिबंध छापणे किंवा चाचणीची कॉइल (पत्र्याची गुंडाळी) ग्राहकाला विकणे अर्जानंतरच करावे, अन्यथा नवीनतेला बाधा येऊ शकते. प्रयोग अपुरे असतील तर तात्पुरते विनिर्देश भरून पूर्ण विनिर्देशासाठी बारा महिने मिळतात.

साधारण अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती नमुना १८ मध्ये स्वतंत्रपणे करावी लागते. मार्च २०२४ पासूनच्या अर्जांसाठी तिची मुदत ३१ महिने आहे आणि ती चुकल्यास अर्ज मागे घेतल्याचे समजले जाते. पहिल्या परीक्षण अहवालाला सहा महिन्यांत उत्तर द्यावे लागते. मंजूर पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकते, मात्र त्यासाठी नूतनीकरण शुल्क वेळेवर भरावे लागते.