टेक्सासमध्ये दुकान आहे? पिस्तूलबंदीची पाटी लावण्याआधी हे वाचा

ह्यूस्टन किंवा डॅलसकडे दुकान, मोटेल चालवणाऱ्या आपल्या माणसांचा पहिला प्रश्न असतो: गिऱ्हाईक शर्टाखाली पिस्तूल खोचून आलं, तर अडवता येतं का? येतं. जागेचा मालक किंवा त्याच्या वतीने कारभार पाहणारा मॅनेजर तशी मनाई करू शकतो. त्यासाठी अर्ज नाही, फी नाही. घोडं अडतं ते पाटीच्या मजकुरावर.

पिस्तुलावर लाल काट मारलेलं चित्र दारावर चिकटवलं, तर परवानाधारकाच्या (पिस्तूल बाळगण्याचा सरकारी परवाना असलेल्याच्या) बाबतीत त्याचा कायद्याने उपयोग नाही. राज्याच्या दंडसंहितेतलं कलम ३०.०६ लपवलेल्या पिस्तुलाचं. त्यात दिलेला मजकूर शब्दशः, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत, पार्श्वभूमीवर उठून दिसेल अशा रंगात आणि सहज नजरेस पडेल असा हवा. कमरेला उघड लावलेल्या पिस्तुलासाठी ३०.०७ ची वेगळी पाटी लागते, तीही प्रत्येक दारावर. शिवाय १ सप्टेंबर २०२१ पासून परवाना नसलेल्या पात्र माणसालाही पिस्तूल बाळगता येतं. त्याच्यासाठी ३०.०५ ची तिसरी पाटी. एकच पाटी लावून निवांत बसलात, तर बाकीचे दोघे खुशाल आत येतील. दार पाट्यांनी भरून जातं खरं, पण इलाज नाही.

दारू तिथेच बसून प्यायला विकत असाल आणि त्यातून ५१ टक्के किंवा जास्त उत्पन्न येत असेल, तर पिस्तूलबंदीची, लाल रंगातली '५१%' पाटी सक्तीची. तिथे तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही.

पाटी असूनही परवानाधारक आत आला, तर दंड फक्त २०० डॉलरपर्यंत. तोंडी सांगूनही तो हलला नाही, तर मात्र वर्षभरापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून आधी शांतपणे सांगा, ऐकलं नाही तर ९११ लावा. झटापट अजिबात नको.

मनाईलाही हद्द आहे. मोटेलवाल्यांनी हे नीट वाचावं: पाहुण्याला त्याच्या खोलीत बंदूक ठेवायला, किंवा खोलीपर्यंत नेण्या-आणायला, २०२१ पासून बंदी घालता येत नाही. नोकराने पार्किंगमधल्या स्वतःच्या कुलूपबंद गाडीत कायदेशीर पिस्तूल ठेवलं, तर त्यालाही सहसा मज्जाव करता येत नाही. पोलीस अधिकाऱ्याला, ड्युटीवर नसला तरी, ही पाटी लागू नाही.

आणि गल्ल्यावर एच-वन-बी व्हिसावाला भाचा बसत असेल, तर 'रक्षणासाठी' त्याच्या हाती पिस्तूल देऊ नका. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने त्याला ते बाळगायलाच मनाई आहे.